पैनगंगेचे दोन तीर

पैनगंगा ही आम्हां आंध समाजास जोडणारी नदी होय. अलीकडे पुसद व उमरखेड, पलीकडे हदगाव, किनवट व कळमनुरी. या तीरावरील लेक त्या तीरावर नांदावयास जाते. तिकडचा भाचा इकडे मामाच्या घरी वाढतो. कुळे तीच, देव तेच, सोयरीकही तीच. असे असता सुमारे पाव शतक कायद्याने या दोन तीरांस दोन निरनिराळे न्याय लावले. तो इतिहास नव्या पिढीस ठाऊक असावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

घटनेच्या ३४२ व्या कलमान्वये १९५० साली राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींची यादी जाहीर केली. मराठवाडा त्या वेळी हैदराबाद राज्यात होता. तेथील यादीत आंध जमात आली आणि पलीकडच्या तीरावरील आप्तांस मान्यता मिळाली. यवतमाळ जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात मोडत असे. जिल्ह्याचे तालुके पाच. परंतु यादी लागू झाली ती केळापूर, वणी व यवतमाळ या तिहींनाच. दारव्हा व पुसद वगळले गेले. आजचे उमरखेड व महागाव त्या काळी पुसद तालुक्यातच होते. म्हणजे जेथे आमची वस्ती दाट, तोच मुलूख नेमका बाहेर राहिला!

१९५६ साली दोन्ही तीर एका राज्यात आले, १९६० साली महाराष्ट्र झाला. तथापि यादीतील ती रेषा पुसली गेली नाही. मामाच्या मुलास शिष्यवृत्ती व वसतिगृह मिळावे, आणि आतेभावाने मात्र रिक्त हस्ते परतावे, असा तो प्रकार होता. हे दुःख केवळ आमचे नव्हते. दारव्हा-पुसदकडील गोंड, कोलाम व परधान बांधवही त्यात सहभागी होते. आदिवासीपण माणसाचे नसून मुलखाचे असते, अशी ही विपरीत समजूत होती.

प्रथम जमिनीच्या बाबतीत ही समजूत ढळली. १९७४ साली महाराष्ट्राने जमीन महसूल संहितेत दुरुस्ती केली आणि यादीतील क्षेत्राबाहेर राहणाऱ्या त्याच जमातींच्या लोकांनाही जमिनीच्या हस्तांतरणाविरुद्ध संरक्षण दिले. पुढे संसदेने १९७६ चा १०८ क्रमांकाचा कायदा करून क्षेत्रबंधन उठविले. २७ जुलै १९७७ पासून तो अंमलात आला आणि पुसदचा आंध व किनवटचा आंध कायद्याच्या दृष्टीने पुन्हा भाऊ झाले.

तथापि जुन्या रेषेची सावली अद्याप सरलेली नाही. जात पडताळणीच्या वेळी १९५० पूर्वीचे पुरावे मोलाचे ठरतात. आणि ज्या काळात मान्यताच नव्हती, त्या काळातील दाखले जपून ठेवण्याचे भान आमच्या वाडवडिलांना कोठून असावे? म्हणून प्रत्येक कुटुंबास आमची कळकळीची विनंती आहे की, आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, शेताचा जुना कागद शोधून काढावा, त्याच्या नकला घ्याव्यात व जिवापाड जपाव्यात.

आणखी एक गोष्ट. रेषेबाहेर उभे राहण्याचे दुःख आम्ही भोगले आहे. तेव्हा ज्या कोणा बांधवास आजही केवळ गावाच्या वा कागदाच्या कारणाने हक्क नाकारला जात असेल, मग तो कोणत्याही जमातीचा असो, त्याच्या पाठीशी उभे राहणे हे आमचे कर्तव्यच ठरते. समता स्वतःपुरती मागता येत नाही, हाच पैनगंगेच्या दोन तीरांनी आम्हांस दिलेला धडा होय.