लोणारचं खारं पाणी

आमच्या लोह्यापासून जवळ, कंधारला, राष्ट्रकूटांच्या काळचा जगत्तुंग सागर आहे. तो माणसांनी बांधलेला, त्याचं पाणी गोडं. तळं म्हटलं की आमच्याकडच्या मुलांच्या डोळ्यांपुढे तेच येतं. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारला मी विद्यार्थ्यांना घेऊन गेलो, तेव्हा एकानं काठाशी उतरून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. “सर, साबणासारखं लागतंय!”

पोरगा चुकला नव्हता. अकबराच्या दरबारातील अबुल फजलानं ‘आईन-इ-अकबरी’त या तळ्याची नोंद केली आहे, ती साबण आणि काच करण्याचा माल इथे मिळतो म्हणूनच. त्यावर सरकारात महसूलही जमा होई. आपल्या घरचा पापडखार याच जातीचा, बरं का!

लोणार या नावातही लवण आहेच. पुराणकथा अशी की, लवणासुर इथे जमिनीखाली दडून बसे. विष्णूनं त्याच्या बिळावरचं झाकण उडवून त्याला मारलं. त्याचं रक्त म्हणजे हे पाणी आणि मांस म्हणजे हा खार. गावातलं दैत्यसूदनाचं सुंदर देऊळ याच कथेशी जोडलेलं आहे.

इंग्रज अधिकारी अलेक्झांडर यानं १८२३ साली या विवराची दखल घेतली. पुढे पुष्कळ काळ विद्वान याला ज्वालामुखीचं तोंड समजत. भोवती सगळा लाव्ह्याचाच काळा कातळ, तेव्हा समज अगदीच वेडगळ नव्हता. १९७३ साली मात्र प्रचंड आघाताखेरीज न बनणारी मॅस्केलिनाइट नावाची काच इथल्या खडकात सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि उल्कापाताची बाजू पक्की झाली. विवराची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. वय आधी पन्नासेक हजार वर्षं मानत. नंतरच्या मोजणीत ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं.

पण खार आला कुठून? उल्केनं नुसता खड्डा केला. पाऊस आणि झरे कातळातले क्षार विरघळवून खाली आणतात. पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. उन्हाळ्यात ऊन पाणी उचलतं, क्षार मागं राहतात. हजारो वर्षं हा एकतर्फी व्यवहार चालू आहे. गंमत म्हणजे वरच्या गोमुखाची धार गोडी, तिच्याखाली भाविक आंघोळ करतात. आणि खाली कमळजा देवीजवळच्या सासू-सुनेच्या विहिरीचं पाणी एका बाजूला गोडं, दुसऱ्या बाजूला खारं, असं लोक सांगतात. (सासू कोणती, हे विचारू नये.)

जून २०२० मध्ये तळं एकाएकी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासलं, तेव्हा खाऱ्या पाण्यातच वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग निघाला. पाणी आटून खारटपणा वाढला, तसे ते फोफावले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला.

दर्जा मिळाला, तरी गावाचं सांडपाणी उताराची वाट विसरत नाही. त्यावर न्यायालयापर्यंत तक्रारी गेल्या आहेत. गोडं पाणी फार उतरलं तर खार पातळ होतो, आणि खार पातळ झाला की त्यात जगणारे जीव आधी जातात. लोणारला जाल तेव्हा धारेखाली जरूर उभे राहा; पण नंतर काठापर्यंत उतरा आणि बोट बुडवून पाहा, पाणी अजून साबणासारखं लागतं का.