पहिल्या पावसाची वाट पाहणारी माती

काशीच्या मुन्शी घाटाला नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांचे नाव आहे. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी तो विकत घेतला. काशीच्या घाटांना लागलेला बराचसा वालुकाश्म चुनारचा; तेथून दक्षिणेकडे विंध्याचे पठार पसरले आहे. घाटाखालून गंगा बारमाही वाहते. पठारावरच्या ऐन, धावडा, सालई, खैर, चारोळी या वृक्षांना मात्र वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत मिळतो. ही वनसृष्टी उरलेले आठ महिने कशी तग धरते, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर काशीतच सापडले.

त्याची पायाभरणी रामदेव मिश्र यांनी केली. १९३७ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठातून डब्ल्यू. एच. पिअरसॉल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात त्यांनी परिसंस्थाशास्त्राचे अध्यापन आणि संशोधन उभे केले, तसेच या विषयाचा देशातील पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला. भारतीय परिसंस्थाशास्त्राचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

१९७३ मध्ये इस्रायलचे इमानुएल नॉय-मेअर यांनी वाळवंटी परिसंस्थांविषयी एक प्रभावी मांडणी केली. शुष्क प्रदेशात पाऊस तुटक सरींनी येतो. प्रत्येक सरीनंतर वनस्पती झपाट्याने वाढतात आणि त्या वाढीचा काही भाग बियांत व मुळांत राखून ठेवतात. विंध्यात मात्र आणखी एक कोडे होते. तेथील माती पोषकद्रव्यांनी गरीब. पाणी आभाळातून आले, तरी एकाएकी वाढू लागलेल्या रोपांना नायट्रोजन आणि फॉस्फरस कोठून मिळतात?

१९८९ मध्ये जे. एस. सिंह, ए. एस. रघुवंशी, आर. एस. सिंह आणि एस. सी. श्रीवास्तव यांनी 'नेचर' नियतकालिकात याचे उत्तर दिले. शुष्क वने आणि विरळ झाडांचे गवताळ प्रदेश यांच्या मातीतील सूक्ष्मजीवांचे जैववस्तुमान त्यांनी ऋतुवार मोजले. ते ऐन पावसाळ्यात सर्वाधिक असावे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते कोरड्या काळात सर्वाधिक आणि पावसाळ्यात सर्वांत कमी आढळले. वनस्पती निद्रिस्त असताना सूक्ष्मजीव पोषकद्रव्ये आपल्या देहात साठवून ठेवतात; पाऊस सुरू होताच ती मोकळी होतात आणि नेमक्या त्याच वेळी वाढणाऱ्या मुळांना मिळतात. गरीब मातीतील ही पुंजी पावसाच्या मुहूर्तावर हस्तांतरित होते.

झाडांचे वेळापत्रकही एकसारखे नसते. सालई कित्येक महिने निष्पर्ण उभी असते, तर साल फार काळ पानांवाचून राहत नाही. काही वृक्ष भर उन्हाळ्यात, पावसाची चाहूलही नसताना पालवतात. एकाच पावसाला एकाच वनातील प्रत्येक जाती निराळा प्रतिसाद देते.

म्हणूनच पुढचा शोध चिंताजनक ठरतो. बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मध्य भारतातील १९५१ ते २००० या काळातील मोसमी पावसाचे विश्लेषण मांडले. पुढे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे संचालक म्हणून परिचित असलेल्या गोस्वामींच्या या अभ्यासात अतिवृष्टीच्या घटना वाढल्याचे, मध्यम पावसाच्या घटल्याचे आणि हंगामाची सरासरी मात्र लक्षणीयरीत्या न बदलल्याचे दिसले. अभ्यासाच्या त्या पट्ट्यात विंध्याचे पठारही येते.

सरासरी तीच राहिली, तरी मातीच्या दृष्टीने वर्ष तेच राहत नाही. अवकाळी सरीने पुंजी लवकर मोकळी झाली आणि मुळे तयार नसली, तर ती वाया जाऊ शकते. मुसळधार पाऊस विरघळलेली द्रव्ये वाहून नेऊ शकतो. लांबलेली उघडीप कोवळ्या रोपांचा बळी घेते, खोल मुळांचे जुने वृक्ष मात्र तरतात. अशाने वन एका वर्षात नाहीसे होत नाही. त्यातील जातींचे प्रमाण हळूहळू बदलत जाते. शुष्क वनांचे भवितव्य जोखताना पाऊस किती पडला, याच्या जोडीने तो केव्हा आणि कसा पडला, याचीही नोंद ठेवावी लागते, ती यासाठीच.