एक बेट, दोन रानं

कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटावर दोन देश नांदतात: पश्चिमेला हैती, पूर्वेला डॉमिनिकन प्रजासत्ताक. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या 2020 च्या आढाव्यात डॉमिनिकन भूमीचा सुमारे 44 टक्के भाग वनाखाली दिसतो, हैतीचा मात्र जेमतेम 13 टक्के. सीमेवर काही ठिकाणी डॉमिनिकन बाजूचा डोंगर हिरवा, तर हैतीचा उघडा. ही तफावत कशी पडली, हे समजून घ्यायला आपल्याला पाचशे वर्षे मागे जावे लागते.

1492 मध्ये कोलंबस इथे उतरला, तेव्हा कसाव्याची शेती करणाऱ्या टाइनो लोकांच्या या बेटावर दाट रान होते. स्पॅनिशांनी सोने उकरले, ऊस लावला, आणि पुढे त्यांचे लक्ष मेक्सिको-पेरूकडे वळले. 1697 च्या रिस्विकच्या तहानंतर बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा फ्रान्सचा झाला, आणि दोन्ही बाजूंच्या रानांचे नशीबही तिथेच वेगळे झाले. फ्रेंचांच्या वसाहतीत 1789 च्या सुमारास सुमारे पाच लाख गुलाम राबत होते. उसासाठी सपाटी मोकळी झाली, कॉफीसाठी डोंगरउतार सोलले गेले, आणि रस आटवणाऱ्या कढयांखालच्या चुलाणांनी उरलेसुरले लाकूड गिळले. पूर्वेला माणसे विरळ होती, गुरे मोकाट चरत होती. तिथले रान वाचले ते स्पेनच्या दुर्लक्षामुळे. राखावे म्हणून ते कोणी राखले नव्हते.

1791 मध्ये गुलामांनी बंड केले आणि 1804 मध्ये हैती स्वतंत्र झाला. पण 1825 मध्ये फ्रान्सने युद्धनौका आणून उभ्या केल्या आणि मान्यतेच्या बदल्यात 15 कोटी फ्रँकची भरपाई लादली. रक्कम पुढे कमी झाली, तरी तिच्यापायी काढलेल्या कर्जांचे ओझे 1947 पर्यंत देशाच्या मानेवर राहिले. ही देणी भागवताना कॉफीबरोबर महोगनी आणि रंगासाठी वापरले जाणारे लाकूडही जहाजांतून परदेशी जात राहिले. जमिनीचे तुकडे होत गेले आणि शेती उभ्या उतारांवर चढली.

पूर्वेकडची कथाही निर्मळ नाही. 1930 ते 1961 या काळात हुकूमशहा त्रुहियोने राखीव क्षेत्रे जाहीर केली, आणि लाकूडधंद्यातून स्वतःची तिजोरीही भरली. त्याच्या हत्येनंतर कुऱ्हाडी मोकळ्या सुटल्या. 1967 मध्ये अध्यक्ष बालागेर यांनी करवती गिरण्या बंद केल्या आणि रानाचा पहारा लष्कराकडे सोपवला. त्याची किंमत डोंगरातल्या गरीब शेतकऱ्यांनी मोजली. अनेकांना घरे सोडावी लागली. 1980 च्या दशकात सरकारने स्वयंपाकाच्या गॅसवर अनुदान दिले, आणि चुलीतला कोळसा हळूहळू मागे पडला. केवळ बंदीने रान टिकले नसते. लोकांच्या हाती दुसरे इंधन आले म्हणून ते टिकले.

हैतीत ते इंधन फारसे पोचलेच नाही; तिथे कोळसाच राहिला. लाकूड रचायचे, त्यावर गवत-माती लिंपायची, आणि ढीग दिवसेंदिवस धुमसू द्यायचा. सह्याद्रीत कातकरी लावत तशाच या भट्ट्या. पिकाला पाऊस दगा देतो, कोळशाचे पोते मात्र कधीही विकले जाते. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचा बहुतेक स्वयंपाक त्यावरच होतो, आणि सीमा ओलांडून डॉमिनिकन बाजूचा कोळसाही चोरून तिकडे जातो.

या तुलनेत मोजमापाचाही वाटा आहे. हैतीत फक्त दोन टक्के रान उरले, हे वाक्य वर्षानुवर्षे छापले गेले. उपग्रहचित्रांच्या 2014 मधल्या एका अभ्यासाने मात्र वृक्षाच्छादन 30 टक्क्यांच्या आसपास दाखवले. आंतरराष्ट्रीय व्याख्येत अर्धा हेक्टर क्षेत्र, पाच मीटर उंची आणि दहा टक्के छत्र लागते. फळबागा आणि शेतातली झाडे तिच्यात बसत नाहीत. 18 व्या शतकात आपल्या उपखंडातून कॅरिबियनला पोचलेला आंबा हैतीच्या शेतकऱ्याने घराभोवती, बांधावर जपला आहे. तो वनाच्या रकान्यात येत नाही, पण माती धरून ठेवतो आणि घरात पैसाही आणतो.

म्हणून 44 आणि 13 या आकड्यांवरून कोण शहाणा, कोण उधळ्या हे ठरवता येत नाही. कोणाच्या डोक्यावर कर्ज लादले गेले आणि कोणाच्या घरी गॅस स्वस्तात पोचला, याचा पाचशे वर्षांचा हिशेब त्यांत साचला आहे. हैतीचे डोंगर पुन्हा हिरवे व्हावेत असे जगाला खरोखर वाटत असेल, तर रोपांच्या आधी चुलीला परवडणारे इंधन आणि शेतकऱ्याला जमिनीचा भरवसा द्यावा लागेल.