प्रयोगाचे व्याकरण : होशंगाबादची तीस वर्षे

'वस्तुपाठ' हा शब्द आज आपण आदर्श उदाहरण या अर्थाने वापरतो. एखाद्याने निष्ठेने काम केले की त्याने इतरांपुढे वस्तुपाठ घालून दिला, असे आपण म्हणतो. या शब्दाचा शाळेतला अर्थ मात्र अगदी साधा होता. वर्गात एखादी वस्तू आणायची, ती मुलांना पाहू द्यायची, हाताळू द्यायची आणि तिच्याविषयी त्यांना बोलते करायचे. पेस्टालॉझी या स्विस शिक्षणतज्ज्ञाच्या विचारांतून युरोपात रुजलेली ही पद्धत एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अमदानीतील शिक्षणाबरोबर आपल्याकडे आली. पुढे वर्गातून वस्तू हळूहळू नाहीशी झाली आणि पाठ तेवढा राहिला.

विज्ञानाच्या शालेय शिक्षणाचा इतिहास बराचसा या एका शब्दाच्या इतिहासासारखा आहे. मुलांनी स्वतः प्रयोग करावेत, याला तत्त्वतः विरोध करणारा शिक्षक वा अधिकारी सहसा भेटत नाही. प्रश्न उभा राहतो तो प्रयोगाची अभ्यासक्रमाशी सांगड घालताना. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत 'करून पहा' अशी चौकट असते. पण बहुधा पुढच्याच परिच्छेदात निष्कर्षही छापलेला असतो. मग मुलाने करून पाहिले काय आणि न पाहिले काय, परीक्षेच्या दृष्टीने फरक पडत नाही. प्रयोगवह्या एकमेकांच्या पाहून लिहिल्या जातात, आणि त्यांत प्रत्येकाचे उत्तर 'बरोबर' येते. आम्ही विज्ञान शिकवत नाही, भाषा शिकवतो. तरीही हा प्रश्न आम्हांला आमचाही वाटतो, कारण प्रयोग पाठ्यपुस्तकात कोणत्या वाक्यांनी मांडला जातो यावर त्याचे भवितव्य पुष्कळसे ठरते. या दृष्टीने मध्य प्रदेशातील 'होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमा'चा इतिहास पाहण्यासारखा आहे.

या कार्यक्रमाची सुरुवात 1972 साली झाली. त्याआधी 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने विज्ञान हा शालेय शिक्षणाचा अनिवार्य भाग असावा, अशी शिफारस केली होती. परदेशातही वारे त्याच दिशेने वाहत होते. अमेरिकेत 1956 साली पदार्थविज्ञानाच्या शालेय अभ्यासक्रमाची नव्याने रचना करण्याचे काम सुरू झाले, आणि इंग्लंडमध्ये 1962पासून नफील्ड प्रकल्पाने प्रयोगांवर भर देणारी पुस्तके तयार केली. मात्र त्या शाळांना प्रयोगशाळा होत्या. होशंगाबाद जिल्ह्यातील खेड्यांत पुष्कळ ठिकाणी शाळेला धड इमारतही नव्हती.

या जिल्ह्यात दोन स्वयंसेवी संस्था होत्या. एक रसूलियाचे क्वेकर पंथीयांचे 'फ्रेंड्स रूरल सेंटर' आणि दुसरी बनखेडीजवळची 'किशोर भारती'. रेणवीय जीवशास्त्राचे संशोधक अनिल सद्गोपाल यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काम सोडून 'किशोर भारती' उभी केली होती. या संस्थांनी शासनाकडे सोळा सरकारी शाळांतील सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी परवानगी मागितली, आणि ती त्यांना मिळाली. पुस्तक, अध्यापनपद्धती आणि मूल्यमापन या तिन्हींत बदल करण्याची ती मुभा होती. सरकारी शाळांच्या बाबतीत असे स्वातंत्र्य बाहेरच्या संस्थेला मिळणे ही त्या काळी, आणि आजही, दुर्मीळ गोष्ट होय. मुंबईच्या टाटा संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक सुट्ट्यांमध्ये येथे येऊन शिक्षकांबरोबर बसू लागले.

या मंडळींनी तयार केलेल्या पुस्तकाचे नाव 'बाल वैज्ञानिक'. रूढ पाठ्यपुस्तकाचे वाक्य विधानार्थी असते. हरभऱ्याला सोटमूळ असते, गव्हाला तंतुमुळे असतात, अमक्या पानाचा शिराविन्यास जाळीदार असतो. 'असते' या क्रियापदापुढे मुलाला मान डोलावण्यापलीकडे काही करायचे उरत नाही. 'बाल वैज्ञानिक'चा गाभा आज्ञार्थी आणि प्रश्नार्थी वाक्यांचा होता. सहावीच्या पुस्तकात मुळे आणि पाने यांवर एक प्रकरण होते. मुलांनी शेताबांधावर जाऊन निरनिराळी रोपे मुळांसकट उपटून आणायची, पानांच्या शिरा पाहायच्या, मुळे पाहायची आणि दोन्ही नोंदी एका तक्त्यात भरायच्या. तक्ता भरत गेला की जाळीदार शिरांच्या ओळीत सोटमूळ आणि समांतर शिरांच्या ओळीत तंतुमुळे पुन्हापुन्हा येताना दिसू लागतात. हा संबंध मुलांनी शोधायचा आणि स्वतःच्या शब्दांत लिहायचा. तो आधी सांगून टाकला, तर रोपे उपटण्याचे प्रयोजनच संपते. पारिभाषिक शब्दांबाबतही हेच धोरण होते. अनुभव आधी आणि संज्ञा नंतर. ज्या गोष्टीला नाव हवे अशी गरज मुलाला भासली आहे, तिचे नाव त्याला घोकावे लागत नाही.

या पद्धतीत एक धोका आहे, आणि तो पत्करण्याची तयारी हीच या कार्यक्रमाची खरी कसोटी होती. मुलांची उत्तरे सारखी येत नाहीत. चार-चार मुलांच्या टोळ्यांनी वर्गातले एकच टेबल मोजले, तर समजा एका टोळीचे माप 92.3 सेंटिमीटर येईल, दुसरीचे 92.6 आणि तिसरीचे 91.9. रूढ वर्गात शिक्षक 'खरे' माप सांगून मोकळा होतो. 'बाल वैज्ञानिक'ने या फरकालाच अभ्यासाचा विषय केले. मापनातील घटबढ ही मुलांची चूक मानण्याऐवजी मापनाच्या क्रियेचा स्वभाव मानून ती मुलांसमोर ठेवली. पुस्तकात शक्यतेवरही एक प्रकरण होते. त्यात नाणी आणि फासे पुष्कळ वेळा टाकून नोंदी करायच्या आणि त्या नोंदींतून काही नियमितता दिसते का ते पाहायचे, अशी रचना होती. अकरा-बारा वर्षांच्या मुलांना निश्चित उत्तरांऐवजी अनिश्चिततेचा हिशेब शिकवणारे पुस्तक आपल्याकडे त्यापूर्वी फारसे कोणी लिहिले नसेल.

साधनांचा प्रश्नही असाच परिसरातून सोडवला गेला. फुलांचे भाग सुटे करण्यासाठी विच्छेदनाच्या सुया हव्या होत्या. त्याऐवजी बाभळीचे काटे वापरले गेले. पुण्याच्या टेल्को कारखान्यातील तरुण अभियंता अरविंद गुप्ता 1978 साली रजा घेऊन या कार्यक्रमात आले. सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाड्या यांच्यापासून त्रिकोण, चौकोन आणि घनाकृती बनवण्याची त्यांची कल्पना तेथेच आकाराला आली. स्वस्त साधनांचे महत्त्व काटकसरीपुरतेच नव्हते. महागडे उपकरण फुटेल या भीतीने शाळा ते कपाटात कुलूपबंद ठेवते, आणि बाभळीच्या काट्याला कुलूप लागत नाही.

सर्वांत अवघड काम होते शिक्षकांचे. ज्याने आयुष्यभर उत्तरे सांगितली, त्याला 'मला माहीत नाही, आपण पाहू' असे चाळीस मुलांपुढे म्हणायचे होते. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षण शिबिरे होत. तेथे शिक्षक स्वतः विद्यार्थी होऊन प्रत्येक प्रयोग करीत आणि शास्त्रज्ञांशी वाद घालीत. वर्षभर मासिक बैठका होत. कोणता प्रयोग वर्गात फसला, कोणता प्रश्न मुलांना कळला नाही, याची चर्चा तेथे होई आणि तिच्या आधारे पुस्तक बदलले जाई. मुलांसाठी 'सवालीराम' नावाचे एक काल्पनिक पात्र होते. त्याला पत्र पाठवून कोणताही प्रश्न विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे, अशी व्यवस्था होती.

परीक्षेतील बदल तर त्याहून धाडसी होता. आठवीच्या परीक्षेत मुलांना पुस्तक आणि स्वतःची वही उघडून पाहण्याची परवानगी होती, आणि लेखी परीक्षेच्या जोडीला प्रात्यक्षिक परीक्षा होती. आमच्या मते सगळी किल्ली येथे आहे. प्रयोग अभ्यासक्रमाशी जोडला जातो तो परीक्षेच्या दाराने. पाठांतराला गुण असतील, तर पुस्तकात कितीही प्रयोग असोत, वर्गात पाठांतरच चालेल. उघडे पुस्तक समोर असताना विचारता येईल असा प्रश्न काढायचा म्हटले, की प्रश्न काढणाऱ्यालाही विचार करावा लागतो.

1978 साली कार्यक्रम जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. तो पुढे नेण्यासाठी 1982 साली 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली. 'चकमक' हे मुलांचे मासिक आणि शिक्षकांसाठीचे 'संदर्भ' हे नियतकालिक तिचेच. पुढील काळात पंधराएक जिल्ह्यांतील सुमारे हजार शाळांपर्यंत ही पद्धत पोहोचली. आणि 2002च्या जुलै महिन्यात राज्य शासनाने ती बंद केली. सुरुवात जिल्हा नियोजन समितीतील मागणीने झाली होती. एका जिल्ह्यात वेगळा अभ्यासक्रम का, आमची मुले नववीत गेल्यावर मागे पडतात, असे आक्षेप होते. देशभरातील अनेक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी निर्णयाचा फेरविचार करावा अशी विनंती केली. तिचा उपयोग झाला नाही.

या आक्षेपांना केवळ राजकारण म्हणून मोडीत काढणे आम्हांला पटत नाही. आठवीपर्यंत शोधायला शिकलेल्या मुलाला नववीत पुन्हा घोकंपट्टीच्या परीक्षेला बसावे लागत होते. त्या परीक्षेत नापास होण्याची किंमत मोजणार होता तो शेतकऱ्याचा वा मजुराचा मुलगा, शास्त्रज्ञाचा नव्हे. पालकाची काळजी खरी होती. मात्र तिच्यावर दोन उपाय संभवत होते. नववी-दहावी बदलणे हा एक, आणि सहावी ते आठवी पूर्ववत करणे हा दुसरा. शासनाने दुसरा निवडला, कारण तो सोपा होता. तीस वर्षांत माध्यमिक टप्प्यापलीकडे हा कार्यक्रम जाऊ शकला नाही, ही त्याची सर्वांत मोठी उणीव त्याच्या मुळावर आली.

त्यानंतरचा इतिहास चमत्कारिक आहे. प्रयोग टिकले, किंबहुना पसरले. अरविंद गुप्ता 2003पासून दशकभर पुण्याच्या आयुकात होते; त्यांची खेळणी मराठी मुलांच्या हाती पोहोचली. 'संदर्भ'च्या धर्तीवर मराठीत 'शैक्षणिक संदर्भ' निघाले. प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाने स्वतः ज्ञान रचावे हे तत्त्व मान्य केले. 2022 साली होशंगाबादचे नावही नर्मदापुरम झाले. टिकला नाही तो प्रयोगाला परीक्षेशी, पुस्तकाशी, शिक्षकाच्या बैठकीशी आणि सरकारी आदेशाशी बांधणारा धागा.

म्हणून आज विज्ञान महोत्सव, शिबिरे आणि चित्रफिती यांची रेलचेल पाहून समाधान मानावेसे आम्हांला वाटत नाही. तेथे मूल चकित होते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन निष्कर्ष उतरवून घेते. त्याच्या तक्त्यात पुस्तकाशी न जुळणारी एखादी नोंद आली, तर ती खोडायची की तिच्याविषयी प्रश्न विचारायचा, हे त्याला अजून वर्गच शिकवतो. पाठ्यपुस्तक मंडळांवर भाषेची माणसेही असतात. 'करून पहा' या चौकटीखालचा निष्कर्षाचा परिच्छेद काढून टाकून तेथे मुलासाठी चार कोऱ्या ओळी सोडाव्यात, एवढे म्हणण्याचा अधिकार त्यांना निश्चित आहे. त्या ओळींत मूल जे लिहील, त्याला गुण द्यायचे की नाही, हे मात्र परीक्षा ठरवणाऱ्यांना सांगावे लागेल.