सनद, स्वाक्षरी आणि सिंहासन : इटलीतील सॅव्हॉय राजेशाहीची पंचाऐंशी वर्षे (१८६१–१९४६)

मराठी वाचकाला इटलीचा जो इतिहास परिचित आहे तो बहुतांशी १८७० पाशी थांबतो. मॅझिनीचे विचार, गॅरिबाल्डीचे पराक्रम आणि काव्हूरची मुत्सद्देगिरी या त्रयीने आपल्याकडील राष्ट्रवादी पिढ्यांना भारून टाकले होते. विनायक दामोदर सावरकरांनी लंडनमध्ये सिद्ध केलेला मॅझिनीच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ब्रिटिश सरकारने तो जप्त केला, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या मॅझिनीला आपण इटलीचा राष्ट्रपुरुष मानत आलो, त्याला घडलेली इटली मान्य नव्हती. त्याला प्रजासत्ताक हवे होते. देशाला मिळाला तो राजा. मार्च १८७२ मध्ये पिसा येथे तो मरण पावला तेव्हा परक्या नावाने राहत होता. ज्या राजमुकुटाशी त्याने तडजोड केली नाही, त्या मुकुटाचे पुढे काय झाले, या प्रश्नाकडे मराठीत फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

इटलीच्या राजेशाहीचा पाया एका जुन्या सनदेवर उभा होता. ४ मार्च १८४८ रोजी, क्रांतीच्या लाटेत युरोप हेलकावे खात असताना, सार्डिनियाचा राजा कार्लो अल्बेर्तो याने आपल्या पीडमाँटच्या प्रजेला ती बहाल केली. ‘बहाल केली’ हा शब्दप्रयोग येथे हेतुतः केला आहे. ही सनद कोणत्याही घटनासमितीने केलेली नव्हती. पुढील वर्षी नोव्हाराच्या रणांगणावर ऑस्ट्रियाकडून पराभव पत्करून कार्लो अल्बेर्तोने पदत्याग केला आणि त्याचा पुत्र व्हिक्टर इमॅन्युएल गादीवर आला. द्वीपकल्पातील इतर राजांनी आपापल्या सनदा मागे घेतल्या, या राजाने मात्र ती कायम ठेवली. इटलीचे नेतृत्व पीडमाँटकडे येण्याचे हे एक महत्त्वाचे कारण मानले पाहिजे.

या सनदेचे पाचवे कलम आमच्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. कार्यकारी सत्ता केवळ राजाची. तोच सेनादलांचा अधिपती. युद्ध पुकारण्याचा आणि तह करण्याचा अधिकार त्याचाच. संसदेला त्याची माहिती राज्याचे हित आणि सुरक्षितता पाहून द्यावयाची, असा त्या कलमाचा आशय होता. पासष्टाव्या कलमान्वये मंत्र्यांची नेमणूक आणि बडतर्फी राजाच्या हाती होती. व्यवहारात काव्हूरने मंत्रिमंडळ लोकप्रतिनिधींच्या सभागृहाला जबाबदार राहील असा प्रघात पाडला, पण तो प्रघातच राहिला; सनदेत तसे कधी लिहिले गेले नाही. शिवाय सनदेत दुरुस्तीची स्वतंत्र पद्धत सांगितलेली नसल्यामुळे साध्या कायद्यानेही तिला मुरड घालता येत असे. लवचीकपणा हा तिचा गुण मानला गेला, पण तिचा घात त्यातच दडलेला होता.

१७ मार्च १८६१ रोजी तुरीन येथील संसदेने व्हिक्टर इमॅन्युएलला इटलीचा राजा घोषित केले. नवे राज्य, नवा देश. पण राजाने आपला ‘दुसरा’ हा क्रमांक बदलला नाही आणि संसदेची गणनाही पीडमाँटच्या जुन्या क्रमाने आठवी अशीच चालू राहिली. ही बाब क्षुल्लक वाटेल, परंतु दक्षिणेतील जनतेला तिचा अर्थ बरोबर कळला. नेपल्स आणि सिसिली यांनी १८६० च्या सार्वमतात विलीनीकरणाच्या बाजूने प्रचंड कौल दिला खरा, पण त्यानंतरची काही वर्षे दक्षिणेत बंडखोरीने पेटलेली होती आणि ती मोडण्यासाठी फार मोठे सैन्य गुंतवावे लागले. मताधिकार लोकसंख्येच्या सुमारे दोन टक्क्यांपुरता मर्यादित होता. सप्टेंबर १८७० मध्ये रोम जिंकले गेले, पोपने स्वतःला व्हॅटिकनमध्ये कोंडून घेतले आणि श्रद्धावान कॅथलिकांना राष्ट्रीय निवडणुकांपासून दूर राहण्याचा आदेश मिळाला. राजा किरिनाल प्रासादात राहू लागला, तो प्रासाद पूर्वी पोपांचाच होता. एकूण, राजमुकुटाच्या छत्राखाली देश एक झाला, पण त्या छत्राखाली उभे राहण्यास बरेच लोक तयार नव्हते.

दुसऱ्या राजाची, उंबेर्तोची, कारकीर्द (१८७८–१९००) येथे थोडक्यात आटोपता येईल. १ मार्च १८९६ रोजी अडोवा येथे इथिओपियाच्या सेनेने इटलीचा दारुण पराभव केला. मे १८९८ मध्ये महागाईविरुद्ध मिलानमध्ये उसळलेल्या जमावावर जनरल बावा बेक्कारिसने तोफा चालवल्या. सरकारी आकड्यानुसारही सुमारे ऐंशी माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर राजाने या सेनानीस सन्मानचिन्ह दिले. २९ जुलै १९०० रोजी मोंझा येथे गाएतानो ब्रेशी या अराजकवाद्याने, जो अमेरिकेतील पॅटर्सन येथून केवळ याच हेतूने आला होता, उंबेर्तोला गोळ्या घालून ठार केले. मिलानचा सूड हेच त्याने कारण सांगितले.

त्याचा पुत्र तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्यापाशी आपल्याला अधिक काळ थांबणे भाग आहे, कारण पंचाऐंशी वर्षांपैकी जवळजवळ सेहेचाळीस त्याच्या एकट्याच्या वाट्याला आली. देहाने अत्यंत ठेंगणा, स्वभावाने संशयी आणि एकलकोंडा, वृत्तीने व्यासंगी असा हा राजा होता. मध्ययुगीन आणि आधुनिक इटालियन नाण्यांचा त्याचा संग्रह अद्वितीय होता आणि त्यावर आधारलेली वीस खंडांची सूची आजही नाणकशास्त्रज्ञांच्या उपयोगाची आहे. आरंभीच्या काळात त्याने जोलितीसारख्या उदारमतवादी पंतप्रधानास मोकळीक दिली. १९१२ मध्ये मताधिकाराचा मोठा विस्तार झाला. हाच राजा पुढे हुकूमशहाचा आश्रयदाता ठरावा, असे या पहिल्या दशकावरून कोणी भाकीत केले नसते.

तथापि १९१५ ची घटना सावधपणे पाहिली पाहिजे. २६ एप्रिल १९१५ रोजी लंडन येथे इटलीने मित्रराष्ट्रांशी गुप्त करार केला. संसदेतील बहुमत युद्धाच्या विरोधात होते. सालांद्रा मंत्रिमंडळाने राजीनामा दिला तो राजाने नाकारला आणि रस्त्यावरील युद्धवादी निदर्शनांच्या कोलाहलात संसदेने मान तुकवली. पाचवे कलम येथे अक्षरशः वापरले गेले होते. या युद्धात सहा लाखांच्या आसपास इटालियन सैनिक मरण पावले. राजाची लोकप्रियता मात्र वाढली. तो आघाडीवर राहिला होता आणि १९१७ च्या कापोरेत्तोच्या पराभवानंतर पेस्किएरा येथील बैठकीत त्याने दाखवलेला धीर मित्रराष्ट्रांनीही वाखाणला.

२८ ऑक्टोबर १९२२ च्या सकाळी त्याच राजाच्या समोर लष्करी कायद्याचा मसुदा ठेवला गेला. फॅसिस्टांच्या टोळ्या रोमच्या दिशेने निघाल्या होत्या. त्या पावसाने भिजलेल्या होत्या, त्यांच्याजवळ शस्त्रे बेताची होती, आणि राजधानीच्या रक्षणास पुरेसे सैन्य शहरात होते. पंतप्रधान फाक्ता याच्या मंत्रिमंडळाने निर्णय घेऊन टाकलेला होता. स्वाक्षरी तेवढी बाकी होती, आणि राजाने ती केली नाही. मुसोलिनी त्या वेळी मिलानमध्ये होता. ३० तारखेला तो रेल्वेने रोमला आला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली.

राजाने असे का केले, यावर विपुल लिहिले गेले आहे. सैन्य आज्ञा पाळील की नाही ही शंका, आओस्ताच्या ड्यूकची, म्हणजे चुलतभावाची, फॅसिस्टांशी असलेली जवळीक आणि त्यातून गादीला उद्भवणारा धोका, यादवी युद्धाची धास्ती, समाजवाद्यांचे भय ही सर्व कारणे सांगितली जातात आणि प्रत्येकात तथ्यांश आहे. मुसोलिनीने सप्टेंबरमध्येच उदिने येथील भाषणात आपला जुना प्रजासत्ताकवाद बाजूला ठेवून राजमुकुटाला आश्वस्त केले होते, हेही विसरता येत नाही. एकट्या राजाला दोषी धरणाऱ्यांनी मात्र पुढील आकडा ध्यानात घ्यावा : नोव्हेंबरमध्ये ज्या सभागृहाने नव्या सरकारवर ३०६ विरुद्ध ११६ मतांनी विश्वास व्यक्त केला, त्यात फॅसिस्ट सदस्य पस्तीसच्या आसपास होते. उदारमतवादी इटलीने स्वतःच्या हातांनी दार उघडले होते. अर्थात, दाराची किल्ली राजापाशी होती.

माझ्या मते अधिक गंभीर प्रमाद १९२२ चा नसून १९२४ चा आहे. १० जून १९२४ रोजी समाजवादी खासदार जाकोमो मात्तेओत्ती याचे अपहरण करून खून करण्यात आला. विरोधी सदस्यांनी सभागृह सोडले आणि राजाने मुसोलिनीला दूर करावे या आशेवर ते थांबले. या वेळी यादवीचे निमित्त नव्हते. हुकूमशहाचे आसन खरोखरच डळमळलेले होते. राजाने सांविधानिक शुचितेचा आधार घेतला : संसदेचा विश्वास आहे तोवर आपण काय करणार? युद्धाच्या प्रसंगी, १९१५ मध्ये, संसदेच्या बहुमताची त्याला इतकी चाड नव्हती. ३ जानेवारी १९२५ च्या भाषणात मुसोलिनीने सर्व जबाबदारी उघडपणे शिरावर घेतली आणि संसदीय राज्यपद्धती संपली.

यापुढील काळात राजमुकुटाला बाहेरून झळाळी येत गेली आणि आतून पोखरण लागत गेली. १९२९ मध्ये पोपशी समेट झाला. १९३६ मध्ये राजा इथिओपियाचा सम्राट आणि १९३९ मध्ये अल्बेनियाचा राजा झाला. दुसरीकडे १९२८ च्या कायद्याने फॅसिस्ट महामंडळाला गादीच्या वारसाविषयीही मत देण्याचा अधिकार मिळाला आणि १९३८ मध्ये मुसोलिनीने राजाच्या बरोबरीने साम्राज्याच्या प्रथम मार्शलचा हुद्दा घेतला. राजा या अपमानाने संतापला असे सांगतात. त्याच वर्षी ज्यूंविरोधी वांशिक कायद्यांवर त्याने स्वाक्षऱ्या केल्या. त्यांतील पहिली सप्टेंबरमध्ये पिसाजवळील सान रोस्सोरे येथे. स्वतःच्या हुद्द्याबद्दलचा संताप आणि प्रजेच्या एका भागाला नागरिकत्वाच्या हक्कांतून उठवणारी ही स्वाक्षरी एकाच वर्षातील आहेत, एवढे नोंदवून पुढे जातो.

१० जुलै १९४३ रोजी मित्रराष्ट्रांची सेना सिसिलीत उतरली आणि १९ जुलैला रोमवर बॉम्ब पडले. २४ जुलैच्या रात्री फॅसिस्ट महामंडळाच्या बैठकीत दीनो ग्रांदीने मांडलेला ठराव १९ मतांनी संमत झाला. त्यात राजाला आवाहन होते ते सनदेच्या पाचव्या कलमान्वये सेनादलांचे आधिपत्य पुन्हा हाती घेण्याचे. वीस वर्षे कागदावर निजलेले कलम अशा रीतीने फॅसिस्टांनीच जागे केले. २५ जुलैच्या सायंकाळी राजाची भेट घेऊन बाहेर पडताच मुसोलिनीला अटक झाली आणि रुग्णवाहिकेतून त्याला नेण्यात आले. यावरून १९२४ मध्येही हे शक्य होते का, असा प्रश्न इतिहासकार विचारतात. अधिकार तेव्हाही तोच होता.

आता तरी राजेशाही वाचेल, असे वाटण्याजोगा तो क्षण होता. तो पंचेचाळीस दिवसांत वाया गेला. बादोल्यो सरकारने ३ सप्टेंबरला गुपचूप शस्त्रसंधी केली आणि ८ सप्टेंबरला ती जाहीर झाली. ९ तारखेच्या पहाटे राजा, राणी, युवराज आणि पंतप्रधान रोम सोडून पूर्व किनाऱ्याकडे निघाले आणि युद्धनौकेने ब्रिंदिसीला पोहोचले. राज्यसंस्थेची सातत्यता राखण्यासाठी राजाने शत्रूच्या हाती पडू नये, हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु सैन्याला स्पष्ट आदेश देण्यात आले नाहीत, राजधानीच्या संरक्षणाची व्यवस्था झाली नाही आणि सहा लाखांहून अधिक इटालियन सैनिक जर्मनांच्या बंदिछावण्यांत गेले. राजाची कन्या माफाल्दाही १९४४ मध्ये बुखेनवाल्ड येथे मरण पावली. पळून गेलेला राजा ही प्रतिमा उत्तर इटलीच्या मनातून पुढे कधीही पुसली गेली नाही.

याच युद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान इटलीच्या डोंगरांत लढत होते. नाईक यशवंत घाडगे यांना जुलै १९४४ मध्ये टायबरच्या खोऱ्यात वीरमरण आले; एप्रिल १९४५ मध्ये सेन्यो नदीकाठी शिपाई नामदेव जाधव यांनी गाजवलेल्या शौर्याबद्दल त्यांना घाडगे यांच्याप्रमाणेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठी माणसाने इटलीच्या या कालखंडाशी रक्ताचे नाते जोडले ते असे, परक्या साम्राज्याच्या ध्वजाखाली.

जून १९४४ मध्ये रोम मुक्त झाल्यावर राजाने अधिकार युवराज उंबेर्तोकडे सोपवले, पण मुकुट उतरवला नाही. सार्वमताला महिनाही उरला नसताना, ९ मे १९४६ रोजी, त्याने पदत्याग केला आणि तो इजिप्तला गेला. उंबेर्तो दुसरा ‘मे महिन्याचा राजा’ ठरला.

२ जून १९४६ रोजी झालेल्या मतदानात सुमारे ८९ टक्के मतदारांनी भाग घेतला. राष्ट्रीय मतदानात स्त्रियांचा हा पहिलाच सहभाग. प्रजासत्ताकाला १,२७,१७,९२३ आणि राजेशाहीला १,०७,१९,२८४ मते पडली. निकालाचा नकाशा विलक्षण आहे. त्रेंतोत प्रजासत्ताकाला ८५ टक्के मते मिळाली, तर नेपल्सच्या मतदारसंघात राजेशाहीला जवळजवळ ८० टक्के. सॅव्हॉय घराण्याचे माहेर असलेल्या पीडमाँटनेही त्याला नाकारले. ज्या दक्षिणेला त्याने शस्त्रांच्या बळावर आवरले होते, ती मात्र त्याच्याशी एकनिष्ठ राहिली. यामागे केवळ भाबडी राजभक्ती पाहणे उचित नव्हे. उत्तरेने दीड वर्षाहून अधिक काळ जर्मन ताबा आणि प्रतिकारयुद्ध भोगले. दक्षिणेत तो काळ राजाच्याच सरकारचा होता. तेथील जमीनदारवर्गाला साम्यवाद्यांचे भय होते आणि सामान्यांना उत्तरेच्या वर्चस्वाचे.

अवैध मते धरून बहुमत मोजावे, असा आक्षेप राजपक्षाने घेतला. ही मते सुमारे पंधरा लाख होती. ती विरोधात जमेस धरली तरी प्रजासत्ताकाचे बहुमत टिकते, हे साध्या बेरजेने दिसते. बोल्झानो, त्रिएस्त यांसारख्या प्रदेशांत मतदान झाले नाही आणि असंख्य युद्धकैदी परतले नव्हते, हा आक्षेप अधिक न्याय्य आहे, परंतु अंतर वीस लाखांचे होते. नेपल्समध्ये दंगली उसळल्या, माणसे मेली. मंत्रिमंडळाने राष्ट्रप्रमुखाचे अधिकार दे गास्पेरीकडे दिले तेव्हा उंबेर्तोने त्याचा निषेध नोंदवला, पण सैन्याला हाक घातली नाही. १३ जूनला तो विमानाने देशाबाहेर गेला आणि पोर्तुगालमध्ये स्थायिक झाला. त्याच्या पित्याने १९२२ मध्ये यादवीच्या भयाने चुकीचा निर्णय घेतला होता. पुत्राने त्याच भयाने बरोबर निर्णय घेतला, असे मला वाटते.

१ जानेवारी १९४८ रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने माजी राजे, त्यांच्या पत्नी आणि पुरुष वंशज यांना देशात प्रवेश नाकारला. तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल त्याच्या चारच दिवस आधी, २८ डिसेंबर १९४७ रोजी, अलेक्झांड्रियात निवर्तला. उंबेर्तो १९८३ मध्ये जिनिव्हा येथे मरण पावला. मायदेशाचे दर्शन त्याला पुन्हा झाले नाही. ही बंदी २००२ मध्ये उठली. जानेवारी २०२१ मध्ये उंबेर्तोचा नातू एमानुएले फिलिबेर्तो याने वांशिक कायद्यांबद्दल ज्यू समाजाची जाहीर क्षमा मागितली. डिसेंबर २०१७ मध्ये तिसऱ्या व्हिक्टर इमॅन्युएलचे अवशेष पीडमाँटमधील विकोफोर्तेच्या देवालयात आणण्यात आले. रोमच्या पँथिऑनमध्ये, जेथे त्याचे पिता आणि पितामह विसावले आहेत, तेथे त्याला जागा मिळावी अशी घराण्यातील काहींची मागणी होती. ती मान्य झाली नाही.