रुपिया (पोर्तुगीज भारत)
गोवा, दमण व दीव येथील 1958 पर्यंतचे चलन. पेडणे आणि डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. त्यांच्या सरहद्दीला लागून सावंतवाडी संस्थान होते. दोन राजवटींमधल्या व्यापाराला दोन्हीकडे चालणारे नाणे लागे.

1871 पूर्वी रुपियाचे 600 रेइस, म्हणजे 2 शेराफीन होत. नंतर 16 टांगा. 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर 1881 व 1882 मध्ये कलकत्त्याच्या टांकसाळीत पाडलेला रुपिया वजनाने व कसाने ब्रिटिश रुपयाइतकाच होता: 11.66 ग्रॅम. रचनेतली खरी ताकद इथेच होती. नाण्याची हमी त्याच्या चांदीतच असल्याने सीमा ओलांडताना तिसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागत नव्हते. कागदी नोटांना मात्र ती सोय नव्हती.

1958 मध्ये 1 रुपियाला 6 एस्कुदो या दराने चलन बदलले. पोर्तुगीज राजवटीतून मुक्ती मिळाल्यानंतर भारतीय रुपया आला.

रुपियाची हमी त्याच्या चांदीत होती; आज अनेक ब्लॉकचेनांना जोडणाऱ्या स्थिर नाण्यापुढेही (म्हणजे दुसऱ्या चलनाशी मूल्य बांधलेल्या डिजिटल नाण्यापुढे) अशाच हमीचा, म्हणजे तारणाचा, प्रश्न असतो. पुरेशा तारणाविना, निव्वळ गणिती नियमांवर उभे असलेले टेरायूएसडी हे स्थिर नाणे मे 2022 मध्ये कोसळले.