बोटें कशीं सुटतात?

पावसाळ्यांत ताम्हिणी घाटांत एका ओढ्याकांठीं आम्ही थांबलों होतों. दगडावरील बेडकाच्या मागल्या पायाच्या बोटांमध्यें पातळ पडदा होता. तिन्हीसांजेस डोक्यावरून गेलेल्या वटवाघळाचा पंख म्हणजेहि लांबलेल्या बोटांमधील पडदाच. आमचीं बोटें मात्र मोकळीं. हा भेद कोठून आला?

मनुष्याचा हात आईच्या उदरांत प्रथम वल्ह्यासारखा चपटा असतो. आठव्या आठवड्याच्या सुमारास बोटांमधील पेशी आपण होऊन मरतात, भक्षक पेशी त्यांचे अवशेष गिळून टाकतात, आणि बोटें सुटीं होतात.

गर्भांतील पेशींचा मृत्यु कार्ल फोख्ट यांनीं १८४२ मध्येंच पाहिला होता. परंतु वाढ म्हणजे केवळ भर, ही समजूत दृढ होती. १९५१ मध्यें ग्लुक्समन यांनीं विखुरलेलीं निरीक्षणें एकत्र केलीं. पुढें साँडर्स यांनीं कोंबडीच्या गर्भांतील पंखाच्या मागल्या कडेच्या, मरणार हें ठरलेल्या पेशी अन्यत्र रोविल्या. कांहीं ठिकाणीं त्या ठरल्या वेळींच मेल्या. कांहीं ठिकाणीं वांचल्या. मात्र विशिष्ट अवस्था उलटल्यावर त्यांस वांचवितां येईना. मृत्यूची आज्ञा अगोदर होते, अंमलबजावणी मागाहून! बदकाच्या पायांत हा नाश थोडा होतो, म्हणून त्याचा पडदा टिकतो. १९७२ मध्यें कर, वायली व करी यांनीं अशा मृत्यूस ‘अपॉप्टोसिस’ हें ग्रीक नांव दिलें. त्याचा अर्थ पानगळ.

वटवाघळाची गोष्ट याहून नवलाची. २००६ मध्यें असें दिसून आलें कीं, त्याच्या पंखांत मृत्यूचा संदेश असतो, पण त्यास आवरणारीं द्रव्येंहि तेथेंच असतात. त्याच्या मागल्या पायांचीं बोटें मात्र सुटतात. बेडकाच्या बोटांमध्यें हा नाश सहसा होतच नाहीं. तीं वाढीच्या कमीअधिकपणानेंच निराळीं होतात.

हें सर्व आम्हीं कां सांगितलें? दोनतीन हजार अर्भकांत एखादें जुळलेलीं बोटें घेऊन जन्मतें. तेव्हां आमच्या घरांतून पहिला प्रश्न निघतो, ‘ग्रहणांत हिनें कांहीं चिरलें होतें काय?’ ग्रहणाचा व विळीचा येथें कांहींएक संबंध नाहीं. दोष पुष्कळदां वंशपरंपरेनें येतो, कधीं कारण उमगत नाहीं. शस्त्रक्रियेनें बोटें बहुधा सोडवितां येतात. पेशींची पानगळ जेथें राहून गेली, तेथें शस्त्रवैद्य तें काम पुरें करतो. त्या माउलीवरील आळ मात्र आपणच काढावयाचा आहे.